श्रोत्रीकाकांचा टेस्ट पीस

ज्या वर्षी श्रोत्रीकाकांच्या नीलूचं लग्न ठरलं, त्या वर्षी आमच्या लाइनीतल्या प्रत्येक माणसाच्या दातांना एकेक नंबर मिळाला. मला चार मिळाला. चार म्हणजे क्रीम. आमच्या ह्यांना सहा मिळाला, म्हणजे बिस्किट, आणि त्या रागात ते बरेच दिवस काकांच्या स्कूटरला धक्का मारायला गेले नाहीत.

नंबर कसा मिळायचा ते सांगते. तुम्ही सकाळी दुधाचं पातेलं घेऊन फाटकाशी उभे असता. काका समोरून येतात, 'नमस्कार सुधाताई' म्हणतात, आणि शर्टाच्या खिशातून रंगांच्या पट्ट्या चिकटवलेलं एक लांबोळकं कार्ड काढून तुमच्या ओठांपाशी धरतात. 'जरा ई करा.' आता कोणी इतक्या अधिकारानं ई करा म्हटलं की माणूस ई करतोच. मीही केलं. काका मान तिरकी करून बघतात, तुम्हाला उजेडाकडे वळायला सांगतात, 'चार' म्हणतात आणि पुढच्या क्वार्टरकडे चालू लागतात. तुम्ही पातेलं धरून तसेच ई करत उभे.

आमची टाउनशिप भोपाळात, आनंद नगरच्या अलीकडे. एका मोठ्या सरकारी कारखान्याची. सगळी क्वार्टरं सारखी, सगळ्यांच्या भिंती सारख्या पिवळ्या, आणि क्वार्टरांच्या ओळीला इथे लाइन म्हणतात. मी लग्न होऊन नागपूरहून आले तेव्हा पहिला आठवडा दुसऱ्याच्याच दाराला किल्ली लावत होते. शेजारी श्रोत्री राहायचे. मूळचे ग्वाल्हेरचे. काका कारखान्यात इन्स्पेक्टर होते. त्यांचं काम म्हणजे तयार झालेल्या मालात खोट काढायची, आणि हे काम त्यांना फार मनापासून आवडायचं. ते रंगाचं कार्ड पेंट शॉपमधलं. नंबर एक म्हणजे पांढराशुभ्र, आणि तिथून खाली उतरत उतरत आठव्या नंबरला चहाचा रंग. कारखान्यातून एखादं झाकण रंगून बाहेर पडलं की काका हे कार्ड धरून शेड जुळते का बघायचे. इतर लोक खिशात पेन ठेवतात, काका कार्ड ठेवायचे.

कार्डाइतकंच काकांचं एक वाक्य आख्ख्या लाइनीला पाठ होतं. 'टेस्ट पीस वाया गेला तरी चालेल, जॉब वाया जाता कामा नये.'

कारखान्यात म्हणे अशी रीत असते. मोठ्या कामाच्या वस्तूला हे लोक जॉब म्हणतात. त्या जॉबवर एखादी प्रक्रिया करायची तर आधी त्याच धातूच्या लहानशा तुकड्यावर करून बघतात. तो तुकडा म्हणजे टेस्ट पीस. त्याला तापवतात, वाकवतात, ठोकतात, आणि शेवटी भंगारात टाकतात. तुकडा टिकला तरच जॉबला हात लावायचा. रीत चांगली आहे, नाही कोण म्हणतं. पण काकांनी ती घरी आणली. दिवाळीत काकूंना आधी एकच लाडू वळावा लागे. काका तो निववून, दाबून, गुडघ्याइतक्या उंचीवरून ताटात टाकून बघत. फुटला तर बाकीच्या बेसनात तूप वाढायचं. लोणचं घालायचं तर आधी एका कैरीचं. ह्यांनी एकदा मला विचारलं, 'या माणसानं लग्नाआधी काय केलं असेल ग?' मी म्हटलं, 'गप्प बसा.'

काकू अगदी उलट. कुसुमकाकू. माहेर झाबुव्याकडचं, वडील तिथे आडगावच्या शाळेत मास्तर. हळू बोलायच्या, आणि बोलताना पदराचं टोक ओठांशी धरायच्या. हसल्या की पदर पुरता तोंडावर, नुसते खांदे हलताना दिसायचे. मला वाटायचं, जुनं वळण. ग्वाल्हेरकडच्या घरांत रीतभात फार, त्यात सासूबाई कडक होत्या म्हणतात. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो, पण मी काही त्याच्यापुढे विचार केला नाही.

तर माघात नीलूचा साखरपुडा झाला. मुलगा इंदूरचा, भागवतांचा. त्या सुमारास व्हिडिओ काढायची नवी टूम निघाली होती. एक मुलगा तोंडावर हॅलोजनचा दिवा धरायचा, दुसरा कॅमेरा, आणि आपण घामाघूम होऊन जिलेबी खायची. साखरपुड्याचा व्हिडिओ बघायला अर्धी लाइन काकांच्या पुढच्या खोलीत बसली होती. इंदूरहून मुलाची आत्याही आली होती. पडद्यावर काकू आल्या. ओवाळताना पदर तोंडावर. ओटी भरताना पदर तोंडावर. फोटोला उभ्या राहिल्या तर नाकापासून खाली नुसती साडी. आत्याबाई म्हणाल्या, 'विहीणबाईंना सर्दी झाली होती वाटतं त्या दिवशी?'

सगळे हसलो. काकूही हसल्या, पदराआडून. मग पडद्यावर काका आले, आणि खरं सांगते, त्या दिव्यात काकांचे दात असे झळकले की हे म्हणाले, 'काका, तुम्हाला जाहिरातीत घेतील.' काका टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले आणि कॅसेट मागे नेऊन तोच भाग पुन्हा लावला. मला वाटलं, झालं, हा माणूस स्वतःला बघून बिघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फाटकाशी जाहीर केलं. 'सुधाताई, तुळशीचं लग्न झालं की आमचं लग्न. लग्नाच्या व्हिडिओपर्यंत दात नंबर एकवर आले पाहिजेत. घरगुती उपायानं. डॉक्टर-बिक्टर नाही.'

कोणाचे दात, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? दुसऱ्याचे दात कोणी घासतं का?

काकांचे दात तेव्हा नंबर दोन होते. लाइनीत सगळ्यांत उजवे. नंबर एक मिळालेला माणूस एकच, आमचा दूधवाला मांगीलाल. तो हसला की पहाटेच्या अंधारात आधी दात दिसायचे आणि मग सायकल. काकांनी त्याला गाठलं. 'मांगीलाल, दाँत में क्या लगाते हो?'

'कुछ नहीं साब. पानी से कुल्ला.'

'फिर भी?'

'नीम की दातून मिल गई तो वो कर ली.'

'और?'

'और कुछ नहीं साब. मेरे बाप के भी ऐसे ही थे.'

काकांना हे पटलं नाही. 'सांगत नाही तो,' ते मला म्हणाले. 'फॉर्म्युला आहे, बाहेर फुटू देत नाही.' त्यांनी काही दिवस मांगीलालच्या मागे स्कूटर घातली. ती पार त्याच्या गोठ्यापर्यंत. मांगीलालला वाटलं, साहेब दुधात पाणी पकडायला आलेत. त्या आठवड्यात आम्हाला असं दूध मिळालं की साय चमच्यानं कापावी लागे.

मग उपाय सुरू झाले. डावीकडच्या दातांना लिंबू आणि मीठ, उजवीकडच्यांना गोवरीची राख. एकाच तोंडात दोन उपाय, म्हणजे तुलना होते. सकाळी काका नळाशी उभे राहून अर्धं तोंड घासायचे, चूळ भरायची, मग दुसरं अर्धं. हसतानासुद्धा विचारायचे, 'कोणती बाजू बघायची आहे?' लिंबाची बाजू पहिल्या दिवशी खरंच लख्ख वाटली. काकांनी आरसा आणि कार्ड घेऊन सगळ्या क्वार्टरांना चक्कर मारली. ही भानगड बघायला लोक घरातून चहाचा कप घेऊन बाहेर आले.

लिंबानंतर खाण्याचा सोडा, सोड्यानंतर तुरटी, तुरटीनंतर मोहरीच्या तेलात हळद. हळदीनं दात पांढरे होतात असं त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. मी म्हटलं, 'काका, हळदीनं माझी पांढरी कढई आजवर पिवळी आहे.' ते म्हणाले, 'तुमच्या कढईची टेस्ट वेगळी.' केळ्याच्या सालीनं घासायचा उपाय ते बागेत फिरता फिरता करायचे. एक माणूस साल दातांना घासतोय आणि केळं तसंच हातात धरून चाललाय, हे बघून एक गाय आनंदानं मागे लागली, ती थेट क्वार्टरपर्यंत आली.

एका मासिकात कोणीतरी लिहिलं होतं की स्ट्रॉबेरी कुस्करून लावावी. आता भोपाळात त्या काळी स्ट्रॉबेरी कुठून येणार? आम्ही ती फक्त आइस्क्रीमच्या डब्यावर बघितलेली. दुसरा कोणी असता तर नाद सोडता. पण कारखान्यात अशी पद्धत असते की सांगितलेला माल मिळाला नाही तर त्याच्या तोडीचा दुसरा घ्यायचा. काकांनी आनंद नगरच्या बाजारातून शहतूत आणले. तुती हो, ती काळी जांभळी. कुस्करून चांगली चोळली. त्यानंतर काका बरेच दिवस मान खाली घालून ऑफिसला जात होते. त्या रंगाची पट्टी कार्डावर नव्हतीच.

आणि हे सगळं चाललेलं असताना ते तेल. तिळाचं तेल तोंडात धरून वीस मिनिटं खुळखुळवायचं, मधे थुंकायचं नाही, गिळायचं नाही, बोलायचं नाही. एका रविवारी काका गाल फुगवून व्हरांड्यात बसले होते आणि रिक्षातून व्याही उतरले. भागवत. न कळवता आलेले. काका उठून उभे राहिले, हात जोडले, आणि गालांतून 'म्म्म' केलं.

काकू आत, मी भाजी चिरायला त्यांच्याकडे बसलेली. धावत बाहेर आले. भागवत मला हळूच विचारतात, 'काय हो, मौन आहे का यांचं?' काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी म्हटलं, 'हो.' आता व्याह्याला काय सांगायचं, तोंडात तेल आहे म्हणून? भागवत माणूस धार्मिक. एकदम खालच्या आवाजात बोलायला लागले. 'मी आलो होतो एवढ्याचसाठी की आमच्याकडे नवरदेव घोडीवर येतो. तुमची काही हरकत?' काका साध्या लग्नाचे. घोडी म्हणजे त्यांच्या मते वायफळपणा, त्यावर त्यांनी साखरपुड्यात भाषण केलेलं. पण हरकत आहे हे सांगायला तोंड उघडावं लागतं. त्यांनी जोरजोरात मान हलवली. आडवी हलवली की उभी, हे त्यांनाही नंतर आठवेना. भागवतांनी ती होकाराची धरली, काकांच्या पायाला हात लावल्यासारखं केलं, आणि 'असा संयम पाहिला नाही' म्हणत चहा न घेताच गेले. काका बागेत जाऊन थुंकले आणि म्हणाले, 'घोडी.'

आतून काही आवाज आला नाही. मी वळून बघितलं तर काकू ओट्याशी पाठ करून उभ्या, पदर तोंडात कोंबलेला आणि खांदे गदागदा हलतायत.

पावसाळा संपेपर्यंत गंमत गेली. काकांच्या दातांचा नंबर दोनाचा तीन झाला, मग चार. 'तुमच्या पंक्तीला आलो सुधाताई,' ते म्हणाले, पण हसले नाहीत. जितकं घासावं तितके दात पिवळे, आणि पिवळे दिसले की आणखी जोरात घासायचे. चहा ते आता पार निववून प्यायचे. माठाचं पाणी प्यायले की डोळ्यांतून पाणी यायचं. दिवाळीत मी पेरू कापून दिला तर फोड तोंडाशी नेऊन परत ठेवली. 'दुसरा एक उपाय राहिलाय,' म्हणाले. 'विटेची पूड.'

त्या दुपारी काकू माझ्याकडे आल्या. पदर तोंडाशी. 'सुधा, त्यांना दाताच्या डॉक्टरकडे ने ग. माझं ऐकत नाहीत. तू रागावलीस तर येतील.'

मी रागावले. रागावायला मला वेगळं काही करावं लागत नाही. 'काका, विटेची पूड तुम्ही लावलीत तर मी लग्नाला येणार नाही, आणि आचाऱ्याकडे लक्ष द्यायचं मी कबूल केलंय ते विसरू नका.' दुसऱ्या दिवशी आम्ही मिनीबसनं महाराणा प्रताप नगरात गेलो. तिथे वरच्या मजल्यावर एक दाताची डॉक्टरीण बसायची. तरुण, चुणचुणीत. तिनं दिवा लावला, आत बघितलं, आणि काठीचा आरसा हातात धरून थांबली.

'अंकल, क्या-क्या लगाया है?'

काकांनी रिपोर्ट दिल्यासारखं सांगितलं. 'नींबू, नमक, राख, सोडा, फिटकरी, हल्दी, केले का छिलका, तिल का तेल, शहतूत.'

'शहतूत?'

'स्ट्रॉबेरी नहीं मिली.'

तिनं आरसा खाली ठेवला. मग समजावून सांगितलं. दातावर वरून एक पातळ, कडक कवच असतं, काचेसारखं आरपार. आतला दात सगळ्यांचाच मुळात पिवळसर. कोणाचं कवच जाड, कोणाचं पातळ, म्हणून कोणी जास्त पांढरा दिसतो. जन्माचीच देणगी ती. लिंबानं हे कवच मऊ पडतं. वर राख घासली की खरवडून निघतं, आणि खालचा पिवळा रंग वर दिसायला लागतो. सोड्यानं चहाचे डाग थोडे निघतील, पण दाताचा रंग काही बदलत नाही. तेलानं काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. 'और केले का छिलका गाय को खिला दीजिए,' ती म्हणाली. मी म्हटलं, 'गाय ने माँगा था.'

'ये कवच वापस आता है?' काकांनी विचारलं.

'नहीं अंकल. दाँत है, दीवार नहीं कि घिस दी और फिर पुताई कर ली. जो गया सो गया. ठंडा-गरम इसीलिए लगता है.'

मला वाटलं, आता काकांचं तोंड पडेल. पण त्यांनी कार्ड काढलं, नुसतंच हातात धरलं आणि विचारलं, 'और किसी के दाँत बचपन के पानी से भूरे हो गए हों तो? गाँव के कुएँ का पानी ही वैसा था. सब बच्चों के हो गए.'

'वो दाग अंदर के होते हैं. घर में कुछ भी घिसिए, नहीं जाएँगे, उलटा नुक़सान होगा. क्लिनिक में थोड़ा-बहुत हो सकता है, देखना पड़ेगा. किसके हैं?'

काकांनी ते ऐकलंच नाही. 'मतलब ये सब उसको लगाते, तो उसके भी ख़राब होते?'

'और ज़्यादा होते.'

काका त्या खुर्चीत मागे टेकले आणि हसले. सगळे झिजलेले दात दाखवून, मनापासून हसले. 'फिर तो अच्छा हुआ. बहुत अच्छा हुआ. मैंने उसको कुछ लगाने नहीं दिया. टेस्ट पीस गया, जॉब बच गया.'

डॉक्टरणीला काही कळलं नाही. मला कळलं. झाबुव्याकडचं आडगाव, मास्तरांची मुलगी, तो पदर, आणि 'विहीणबाईंना सर्दी झाली होती वाटतं.' आम्ही सगळे हसत होतो तेव्हा हा माणूस टीव्हीशी नाक लावून स्वतःला बघत नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या बाईचं झाकलेलं तोंड बघत होता. मिनीबसमध्ये ते मला म्हणाले, 'तिला यातलं काही सांगू नका. तिला वाटतंय मला नटायची हौस आली.'

घरी आलो. काका कपडे बदलायला आत गेले आणि काकू व्हरांड्यात माझ्याजवळ आल्या. 'काय म्हणाली डॉक्टरीण?'

मी म्हटलं, 'लिंबू बंद. सगळंच बंद.'

काकूंनी आत बघून आवाज आणखी हळू केला. 'आणि माझं काय म्हणाली?'

'तुमचं?' मी म्हटलं.

'अगं, एवढी वर्षं संसार केला,' काकू म्हणाल्या. 'हा माणूस कोणाचे दात घासतोय, एवढं मला कळणार नाही का?'

'मग थांबवलं का नाहीत त्यांना? सगळे दात घालवून बसले.'

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. 'थांबवणार होते ग. रोज सकाळी ठरवायचे. पण मनात यायचं, एखादा उपाय लागू पडला तर? मला हवं होतं ना. नीलूच्या लग्नाच्या व्हिडिओत मला माझं तोंड हवं होतं. उद्या तिची मुलं विचारतील, आजी कशी होती, तर काय साडी दाखवायची?'

डॉक्टरीण काहीतरी करू शकते, असं मी सांगितलं. पण लग्न तोंडावर आलं होतं, आणि काकू 'नंतर बघू' म्हणाल्या. ते 'नंतर बघू' कसं असतं ते आपल्याला माहीत आहे.

लग्न टाउनशिपच्या क्लबातच झालं. घोडी आली. काकांनी तिच्या तोंडाकडेही बघितलं आणि 'आठ' म्हणाले. काकू पहाटेपासून पदर सांभाळत होत्या. गौरीहराशी पदर, मंगलाष्टकांत पदर. दिवेवाला मुलगा जवळ आला की त्या आपोआप मान फिरवायच्या. कन्यादानाच्या वेळी कॅमेरावाला म्हणाला, 'माताजी, ज़रा पल्लू हटाइए,' तर काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मागच्या मागे गेला. मीही आचाऱ्याकडे लक्ष द्यायचं सोडून काकूंकडेच बघत होते. म्हटलं, गेलं हे लग्नही.

मग विहिणीची पंगत बसली. वधूच्या आईनं स्वतः वाढायचं. काकू जिलेब्यांची मोठी परात दोन्ही हातांनी धरून मुलाच्या आईसमोर उभ्या. परात जड, वर पाक. दिवा तिकडेच लावलेला. आणि नेमके तेव्हा भागवत हातात आइस्क्रीमची वाटी घेऊन आले आणि काकांना म्हणाले, 'श्रोत्रीसाहेब, एक घास आमच्या हातचा.'

व्याह्याचा घास. नाही म्हणायची सोयच नाही. काकांनी तोंड उघडलं आणि भागवतांनी प्रेमानं चमचा भरून आत सारला.

मला आधीच माहीत होतं म्हणून मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा काका ताठ उभे होते. गाल फुगलेले, डोळे बटाट्यासारखे, गिळता येईना, थुंकता येईना. दोन्ही हात हवेत. तोंडातून फक्त 'म्म्म'.

भागवत एकदम मागे सरले. दोन्ही हात वर करून त्यांनी सगळ्या पंगतीला गप्प केलं. 'शांत, शांत राहा सगळे. साहेबांना मौन लागलंय.'

आख्खी पंगत गप्प. सनईवाल्यानंसुद्धा सनई खाली घेतली. आणि त्या शांततेत कोणीतरी हसलं. खळखळून, एखाद्या लहान मुलीसारखं. मला पहिल्यांदा कळेचना कोण ते, कारण तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. काकू. परात हातांत, खाली ठेवायला जागा नाही, पदर पार खांद्यावरून मागे गेलेला. तोंड उघडं टाकून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दात तपकिरी होते, पुढच्या दोन्हींवर पट्टे होते. सगळ्यांना दिसले. कोणी काही म्हटलं नाही, कारण तोवर सगळेच हसत होते. दिवा बरोबर काकूंच्या तोंडावर होता.

काकांनी आइस्क्रीम कसंबसं गिळलं. ते कळवळत होते, गालांवर पाणी ओघळत होतं. पण बघत होते काकूंकडेच. मी जवळच होते म्हणून मला ऐकू आलं. ते म्हणाले, 'ओके.' कारखान्यात माल पास झाला की ते असंच म्हणत.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. ती कॅसेट काकांनी इतक्यांदा लावली की नवरा-नवरी अजून स्वच्छ दिसतात, पण विहिणीच्या पंगतीवर रेघा येतात. काकू डॉक्टरणीकडे गेल्या नाहीत. काका रिटायर होऊन आनंद नगरात राहायला गेले, तरी कार्ड खिशात आहेच. त्यांच्या स्वतःच्या दातांचा नंबर आता सहा आहे, आणि आमच्या ह्यांना त्याचं फार समाधान आहे.

मागच्या महिन्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. गप्पा चालल्या होत्या, काकू पदर धरून बसल्या होत्या. एकाएकी काका म्हणाले, 'सुधाताई, एक किस्सा सांगतो.' म्हणाले आणि उठून आत गेले. बाहेर आले ते चहाचे दोन भरलेले कप घेऊन, काठोकाठ भरलेले. ते त्यांनी काकूंच्या दोन्ही हातांत दिले. मला वाटलं, आम्हाला द्यायला दिले असतील, म्हणून मी हात पुढे केला. काकांनी मान हलवून मला थांबवलं.

'राहू द्या तिच्याकडे,' ते हळूच म्हणाले. 'घरगुती उपाय आहे. हा मात्र लागू पडतो.'

मग त्यांनी भागवतांचा आणि तेलाचा किस्सा सांगायला घेतला. आम्ही तो शंभर वेळा ऐकला असेल. काकूंनी एकदा उजव्या कपाकडे बघितलं, एकदा डाव्या कपाकडे, ठेवायला जवळ कुठे टेबल नव्हतं, आणि 'घोडी' येण्याच्या आधीच त्या हसायला लागल्या.